पिवळ्या किनारीच्या पानांच्या शोधात

गेल्या वर्षी आषाढ सरता सरता कास पठाराच्या कडेच्या एका गवताळ उतारावर मला जमिनीला अगदी चिकटून पसरलेली तीन पाने दिसली होती. फूल नव्हते, कळी नव्हती, देठही वर आलेला नव्हता. पाने अंडाकृती, जाडसर आणि मातीवर हाताने थापल्यासारखी सपाट होती, आणि प्रत्येक पानाच्या कडेने सुईने ओढल्यासारखी बारीक पिवळी रेघ फिरलेली होती. त्या रेघेवरून ती हबेनारिया मार्जिनाटा आहे, हे मी ओळखले. लॅटिनमध्ये ‘मार्जिनाटा’ म्हणजे किनार असलेली, आणि ‘हबेना’ म्हणजे लगाम किंवा चामड्याची वादी. या कुळातल्या फुलांच्या वादीसारख्या लांब, अरुंद भागांवरून प्रजातीचे नाव पडले आहे. जमिनीत कंद धरून राहणारी ही पिवळ्या फुलांची आमरी, म्हणजे ऑर्किड, आहे. आमच्या सांगलीच्या वनस्पतिप्रेमी मंडळींत आम्ही तिला सरळ ‘पिवळी हबेनारिया’ म्हणतो. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, ऑर्किडचे फूल फळ्यावर कितीदा काढले, पण ही पिवळी आमरी फुललेली कधी पाहिली नव्हती. म्हणून यंदा गौरी-गणपती आटोपल्यावर, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवस काढून पुन्हा त्याच उतारावर जायचे ठरवले. सोबत माझा भाचा होता. गेल्या वर्षी त्या पानांची छायाचित्रे त्यानेच काढली होती.

दिवस पहिला : सांगली ते पेट्री

सांगलीहून पहाटे साडेपाचला निघालो. आष्टा, इस्लामपूर करीत पेठ नाक्याला महामार्गाला लागलो आणि कराड, उंब्रज मागे टाकून साताऱ्यात पोहोचलो तेव्हा न्याहारीची वेळ झाली होती. या रस्त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. उसाचे मळे आणि वाहनांची गर्दी दोन्ही नेहमीचीच आहेत. खरा प्रवास सुरू होतो तो सातारा शहर मागे पडल्यावर. यवतेश्वरचा घाट चढताना एका बाजूला कण्हेर धरणाचे आणि दुसऱ्या बाजूला उरमोडी धरणाचे पाणी आळीपाळीने दिसू लागते, हवा गार होते, आणि कातळाचा रंग काळ्याकडून तांबूस होत जातो. खाली काळा बसाल्ट आणि वर जांभा, अशी या डोंगराची घडण आहे; माथ्यावरचे जांभ्याचे टोपण हेच पुढच्या सगळ्या फुलांचे घर आहे.

हे घर बाहेरून फार गरीब दिसते. जांभ्यावरची माती काही ठिकाणी वीतभर, तर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते. पावसाळ्यात ती पाण्याने तुडुंब भरते आणि मार्चनंतर तापलेल्या तव्यासारखी कोरडी पडते. तिच्यात नत्रासारखी पोषकद्रव्ये कमी असल्यामुळे येथे मोठी झाडे तग धरू शकत नाहीत, आणि त्यामुळेच लहान, अल्पायुषी, कंद धरणाऱ्या किंवा किडे पकडून उणीव भरून काढणाऱ्या वनस्पतींना मोकळी जागा मिळते. सीतेची आसवे म्हणून जी निळी-जांभळी फुले आपण पाहतो, ती अशाच एका कीटकभक्षी वनस्पतीची आहेत. मातीतल्या पाण्यात तिचे सूक्ष्म फुगे दबा धरून बसलेले असतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत महाराष्ट्रातल्या कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर कासचेही नाव आले. त्यानंतर येथे येणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की, हंगामात आगाऊ नोंदणी करूनच यावे लागते.

मुक्कामाची सोय आम्ही पेट्रीजवळ एका घरगुती निवासात केली होती. दुपारपासून पाऊस लागला आणि तो रात्रीपर्यंत थांबला नाही. संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि पिठले वाढताना घरच्या काकूंनी विचारले, “फुलं बघायला आलाय व्हय? तेरडा लई फुललाय बघा यंदा.” मी म्हटले, तेरडा पाहूच, पण आम्ही एका लहानशा पिवळ्या फुलासाठी आलो आहोत. त्यावर त्या म्हणाल्या, “पिवळं तर सगळंच हाय ओ आत्ता.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला नीट समजला.

दिवस दुसरा : कास

सकाळी सातला, गर्दी होण्यापूर्वी, आम्ही पठारावर पोहोचलो. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा परिसरातल्या गावांतील लोकांच्या समितीकडे वनखात्याच्या सहकार्याने पठाराची देखभाल असते, आणि त्यांच्यातलेच एक दादा वाटाड्या म्हणून आमच्यासोबत आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, पण प्रत्येक पाऊल जपून टाकणारे असे हे गृहस्थ होते. आम्ही कुठे उभे राहावे हे ते तोंडाने न सांगता आधी स्वतः तिथे उभे राहून दाखवीत.

धुके विरळ झाले तसे पठार दिसू लागले. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यांमध्ये गेंदाचे पांढरे मणी, त्यांच्या पायाशी आसवांची निळाई, आणि या सगळ्यांच्या वर सोनकीचा आणि कवल्याचा पिवळा रंग. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण सहज म्हणतो. येथे मात्र एक बहर उतरतो तोवर शेजारच्या ओलीतला दुसरा वर येतो, आणि रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. पण माझी अडचण पिवळ्या रंगाची होती. पेट्रीच्या काकू म्हणाल्या त्याप्रमाणे, या दिवसांत इथे सगळेच पिवळे असते. सोनकीचे झुबके गुडघ्याएवढे उंच असतात आणि कवल्याच्या पिवळ्या फुलांवर दोन तांबडे ठिपके असतात. त्या दोघांच्या गर्दीत वीतभर उंचीची आमरी शोधायची तर डोळ्यांना रंग विसरायला लावून आकार पाहायला शिकवावे लागते. सोनकीचा झुबका पसरट असतो. आमरीचा तुरा मात्र एकाच सरळ देठावर, गव्हाच्या ओंबीसारखा उभा असतो. हे भाच्याला समजावून सांगितल्यावर त्याने पहिल्या तासातच दोन वेगवेगळ्या आमऱ्या दाखवल्या, पण दोन्ही पांढऱ्या होत्या. त्यांतली एक टूथब्रश ऑर्किड म्हणून ओळखली जाणारी हबेनारिया हेनिआना होती. तिची सगळी फुले देठाच्या एकाच बाजूला ओळीने बसतात, म्हणून तिला ते नाव मिळाले आहे.

दहाच्या सुमारास आम्ही गेल्या वर्षीच्या उतारावर गेलो. माझ्या वहीत खुणा नोंदवलेल्या होत्या : जांभ्याचा फुटका खडक, त्याच्या खाली करवंदीचे एकटे झुडूप, आणि झुडपापासून पूर्वेला बारा पावले. खडक होता, करवंदी होती. बारा पावलांवर एक खड्डा होता.

तो ओंजळीएवढा होता आणि त्यात कालच्या पावसाचे पाणी साचले होते. मी आधी रानडुकरांचा विचार केला, कारण कंद त्यांना आणि साळिंदरांना आवडतात. दादा खाली बसले, खड्ड्याच्या काठावर बोट फिरवले आणि म्हणाले, “डुकरानं उकरलं म्हंजी माती चौफेर उधळती, बाई. ही कड बघा, सरळ कापल्याली. खुरप्याचं काम हाय हे.” काठ खरोखरच सुरीने कापलेल्या वडीसारखा सरळ होता. पाण्यात मला एक सुरकुतलेला, तपकिरी, बोराएवढा कंद सापडला. हबेनारियाचे कंद दर वर्षी बदलतात : गेल्या हंगामात साठवलेल्या अन्नावर यंदाचे पान आणि फूल वाढते, जुना कंद आक्रसत जातो, आणि त्याच्या शेजारी पुढच्या वर्षासाठी नवा, टणक, पांढुरका कंद भरू लागतो. रोप उपटताना नवा कंद रोपासोबत गेला होता आणि जुना तुटून मागे राहिला होता. आजूबाजूला पाहिले तर आणखी चार खड्डे होते.

येथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे. गेल्या वर्षी भाच्याने त्या पानांची छायाचित्रे एका गटावर पाठवली होती आणि हौसेने नकाशावरची जागाही जोडली होती. मी ते पाहिले होते आणि त्याला थांबवले नव्हते. ज्याने रोपे नेली त्याला ती त्यावरूनच सापडली असे मी सिद्ध करू शकत नाही. पण पानांवरून ही वनस्पती ओळखणारे थोडे असतात, आणि त्या उतारावर वाट नाही. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले, “मावशी, नेणाऱ्याने कुंडीत लावली असेल तर जगेल का गं?”

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तिथेच, खड्ड्याशेजारी बसून दिले, आणि ते येथेही देते, कारण रोप नेणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी जशी शिदोरी असते, तशी त्यात नसते. एका बोंडात हजारो बिया असतात, पण त्यांतली एखादी रुजायची तर तिला मातीत विशिष्ट बुरशीचा धागा भेटावा लागतो; तो धागा बियेत शिरतो, तिला अन्न पुरवतो, आणि पान उघडेपर्यंत रोप त्याच्याच आधारावर जमिनीखाली वाढते. मोठे झाल्यावरही मुळांचा आणि बुरशीचा हा व्यवहार सुटत नाही. बागेतल्या शेणखताच्या मातीत तो संसार नसतो. शिवाय या कंदाला चार महिने चिंब ओल, मग सहा-सात महिने पूर्ण कोरडी झोप लागते, आणि कुंडीला आपण उन्हाळ्यात हमखास पाणी घालतो. नेलेले रोप बहुधा तो हंगाम कसाबसा काढते, फूलही दाखवते, आणि पुढच्या पावसाळ्यात उगवत नाही. नेणाऱ्याला वाटते, आपल्या हाताला गुण नाही.

काही जण हे कंद औषधी म्हणून खणतात, असेही ऐकू येते. आयुर्वेदातल्या अष्टवर्गात ऋद्धी आणि वृद्धी या नावांनी ज्या हबेनारिया ओळखल्या जातात, त्या हिमालयातल्या वेगळ्या जाती आहेत. साताऱ्याच्या डोंगरावरची ही पिवळी आमरी त्यांतली नव्हे. जगातल्या यच्चयावत ऑर्किडांचा समावेश वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांमध्ये केलेला आहे, हे मी मुलांना शिकवीत असे. पण परिशिष्ट या उतारावर पहारा देत नाही, पहारा देतात ते दादांसारखे लोक. त्यांनी ते पाचही खड्डे पाहून ठेवले, समितीच्या चौकीवर सांगितले, आणि मग परत येऊन आपल्या हाताने ते मातीने भरले. जुना कंद मीही त्यातल्या एका खड्ड्यात ठेवला. डोळा नसलेला तो कंद फुटणार नाही हे मला माहीत होते, तरी तो वहीच्या पानांत दाबून घरी न्यावासा वाटला नाही.

दुपारनंतर आम्ही कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. पाण्यावर पांढरी, कडांना झालर असलेली फुले पसरली होती. माझे लक्ष त्यांच्यात लागले नाही.

दिवस तिसरा : ठोसेघर आणि चाळकेवाडी

साताऱ्यात उतरून बोगद्यातून बाहेर पडलो आणि सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरचा रस्ता धरला. ठोसेघरचा धबधबा ऐकू येत होता, पण धुक्यामुळे दिसला नाही. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती धुक्यातून एकेक करून खाली येत आणि वर नाहीशी होत होती. हेही जांभ्याचेच पठार आहे. याला इकडचे लोक ‘सडा’ म्हणतात. पवनचक्क्यांसाठी केलेल्या रस्त्यांनी हा सडा अनेक ठिकाणी चिरला आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी पसरलेल्या पट्ट्यांत गवताशिवाय काही उगवत नाही, हे चालताना सारखे जाणवते.

येथल्या एका डबक्यात मला वायतुरा भेटला, आणि तेवढ्यापुरता दिवस सार्थकी लागला. साताऱ्याचे नाव धारण करणारी ही पाणवनस्पती, अपोनोजेटॉन साताराएन्सिस, १९८२ मध्ये विज्ञानाला नव्याने ज्ञात झाली. तिचा तुरा पाण्याबाहेर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभागतो, आणि नर-मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. साचलेले पाणी, उथळ खळगा आणि जांभा एवढ्यावर ती जगते, आणि खळगा बुजला की तिथून संपते.

पिवळ्या हबेनारियासाठी मी सपाट सडा सोडून त्याच्या कडेचे उतार पाहत होते. सड्यावर पाणी साचते. या आमरीला ओल हवी असते, पण पाण्यात बसणे तिला मानवत नाही, म्हणून ती पाणी निथळून जाईल अशा गवताळ उतारावर आढळते. दुपारी एकच्या सुमारास भाच्याने हाक मारली. पाने होती, चार, पिवळ्या किनारीची, अगदी जमिनीसरशी. त्यांच्यातून देठही वर आला होता. पण देठाच्या शेंड्याकडचा सगळा तुरा कोणत्या तरी अळीने किंवा गोगलगायीने खाऊन टाकला होता; उरली होती ती एकच कळी, हिरवी, घट्ट मिटलेली. आम्ही तासभर तिथे बसलो. पाऊस वाढला, छत्रीतून पाणी गळू लागले, आणि त्या कळीकडे पाहून मी भाच्याला म्हटले की, आपण उद्या दुपारी सांगलीला परतू. त्याने मान हलवली. त्या दिवशी त्याने त्या पानांचे एकही छायाचित्र काढले नाही.

संध्याकाळी पेट्रीला परतल्यावर निरोप मिळाला. कासच्या दादांनी काकूंच्या फोनवर कळवले होते : त्यांच्या आईने वरकस जमिनीत एक पिवळा तुरा पाहिला आहे, सकाळी या.

दिवस चौथा : दादांच्या आईंचा उतार

दादांच्या आई सत्तरीच्या पुढच्या आहेत. नऊवारीचा काचा घट्ट मारून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन त्या आमच्या पुढे चालत होत्या आणि आम्हाला त्यांना गाठण्यासाठी घाई करावी लागत होती. वरकस म्हणजे भात किंवा नाचणी न पिकणारी, गवतासाठी राखलेली डोंगरजमीन. त्यांच्या कुटुंबाचा हा तुकडा खोऱ्याच्या बाजूला उतरतो. तो नेमका कुठे आहे, हे मी येथे लिहीत नाही.

पाऊस रात्रीच थांबला होता. उतारावर गवत कमरेइतके होते, पण मध्येच एक पट्टा असा होता की जिथे माती पातळ असल्यामुळे गवत घोट्याच्या वर गेले नव्हते. आई तिथे थांबल्या आणि काठीने दाखवले. “ह्ये न्हवं का तुमचं पिवळं?”

मी गुडघ्यांवर बसले. पहिल्यांदा पाने ओळखीची वाटली, तीच सपाट, तीच किनार, आणि मग देठ, साधारण वीतभर उंच, आणि त्यावर सोनेरी पिवळ्या फुलांचा दाट तुरा. सोनकीचा पिवळा रंग उन्हासारखा पसरट आणि बोलका असतो. हा पिवळा दाट होता, हळदीच्या लेपासारखा, आणि प्रत्येक फुलामागे हिरव्या संदलांचे, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या दलांचे, कोंदण असल्यामुळे तो अधिकच उठून दिसत होता.

भिंगातून पाहिले तेव्हा फूल उलगडत गेले. एकेक फूल नखापेक्षा थोडे मोठे. वरचे हिरवे दल आणि दोन पिवळ्या पाकळ्या मिळून एक लहानसे छत्र झाले होते, आणि छत्राखालून ओठपाकळी पुढे आली होती. ती तीन अरुंद पट्ट्यांत विभागलेली होती. मागच्या बाजूला शेपटीसारखी लांब, टोकाशी किंचित फुगलेली नळी होती. तिच्यात मध असतो, आणि त्या मधासाठी कीटकाला तोंड पुढे करून छत्राखाली शिरावे लागते. आत दोन बाजूंना परागकणांचे दोन गठ्ठे असतात. इतर फुलांत पराग पिठासारखे सुटे असतात. येथे ते गठ्ठ्याने बांधलेले असतात, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या देठाला खाली एक चिकट टिकली असते. ती कीटकाच्या तोंडाला किंवा डोळ्याला चिकटते, कीटक निघून जातो तेव्हा अख्खा गठ्ठाच घेऊन जातो, आणि पुढच्या फुलाच्या चिकट कुक्षीवर तो घासला जातो. मी तुऱ्यातले सगळ्यांत खालचे फूल पाहिले : दोन्ही कप्पे रिकामे होते. त्याच्या वरचे पाहिले, एक कप्पा रिकामा. म्हणजे कोणीतरी येऊन गेले होते. शेंड्याकडच्या फुलांत दोन्ही गठ्ठे जागच्या जागी, कोवळ्या पिवळ्या रंगाचे, शाबूत होते.

आणखी एक गोष्ट मला मुलांना नेहमी दाखवायची असे आणि वर्गात ती कधी दाखवता आली नाही. फुलामागचा लांबट अंडाशय नीट पाहिला तर त्याला दोरीसारखा पीळ दिसतो. कळीत ओठपाकळी वरच्या बाजूला असते. उमलण्याआधी फूल स्वतःच्या देठावर अर्धा वळसा घेते आणि ओठपाकळी खाली आणते, म्हणजे येणाऱ्या कीटकाला समोरच उतरायला जागा मिळते. भाच्याला मी भिंग दिले. त्याने एक फूल पाहिले, मग शेंड्याची कळी पाहिली, मग पुन्हा फूल पाहिले आणि म्हणाला, “हिला पीळ पडायचाय अजून.” एवढ्या वर्षांत मला एवढे नेमके उत्तर कोणी दिले नव्हते.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ज्यांनी दिले त्या हेन्री कोलब्रुक यांची मला या वेळी आठवण झाली. संस्कृत पंडित म्हणून, हिंदू धर्मशास्त्राचे भाषांतरकार म्हणून आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचे संस्थापक म्हणून त्यांना बरेच जण ओळखतात. वनस्पतींचाही त्यांना ध्यास होता, आणि विल्यम हूकर यांच्या ग्रंथात १८२० च्या दशकात हे नाव प्रसिद्ध झाले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अभ्यासकाला नाव सुचले ते पानाच्या कडेच्या रेघेवरून, सोनेरी फुलावरून नव्हे, याचे मला पूर्वी आश्चर्य वाटत असे. आता वाटत नाही. फूल दोन-तीन आठवड्यांचे असते. ही रेघ जूनपासून सोबत असते, आणि फूल नसताना ओळख पटवून देण्याचे काम तीच करते.

आम्ही तो पट्टा पावलापावलाने पाहिला. दादांनी सांगितले तसे, एकाच्या पावलावर दुसऱ्याने पाऊल टाकून, गवत बाजूला न सारता. फुललेली अकरा रोपे मिळाली. नुसती पाने असलेली तेवीस मोजली. त्यांतली बरीच लहान होती, म्हणजे येथे बी रुजते आहे आणि मातीतली ती बुरशीही शाबूत आहे. काही फुललेल्या रोपांच्या तळाची फुले सुकून त्यांचे अंडाशय फुगू लागले होते. या वेळी भाच्याने छायाचित्रे काढली, पण आधी त्याने मोबाइलमधली जागा नोंदवण्याची सोय बंद केली, आणि ती बंद झाल्याचे मला दाखवले. पाठवणार असशील तर फक्त ‘सातारा जिल्हा’ एवढेच लिही, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “तेवढंच लिहीन. गेल्या वर्षीचं काढून टाकलंय मी रात्रीच.”

मला एकच काळजी होती, ती मी आईंना विचारली : गवत कापणी कधी असते? बोंडे पिकून फुटायला अजून काही आठवडे हवे होते, आणि त्याआधी विळा फिरला तर त्या हजारो बिया गंजीत जाणार होत्या. आई म्हणाल्या की, कापणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, पण वरच्या अंगाने. हा पट्टा उताराचा आणि गवत आखूड, म्हणून तो सगळ्यांत शेवटी घेतात, आणि एखाद्या वर्षी घेतही नाहीत. मग त्यांनी काठी टेकून त्या पट्ट्याकडे पाहिले आणि मला विचारले, “कवा फुटतंय म्हणालीस बोंड?”

मी सांगितले, दिवाळीपर्यंत.

“मग दिवाळीनंतर बघू,” त्या म्हणाल्या, आणि दादांना म्हणाल्या, “हितं खुणेला दगूड नगं लावू रं. दगूड बघून माणूस येतंय.”